दुसरा ग्लास

धुळवडीला वर्तमानपत्राच्या कचेरीला सुट्टी असते आणि दुसऱ्या दिवशी अंक निघत नाही. वर्षात असे दिवस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकी सगळे दिवस सकाळी उठलं की कोणती बातमी आपल्याकडून सुटली ते पाहायचं, आणि संध्याकाळपासून कोणती चूक छापली जाईल याची धास्ती बाळगायची. या एका दिवसाचा आम्ही तिघांनी रिवाज पाडला होता. सकाळी दहाला सक्करदऱ्याच्या एका गच्चीवर जमायचं, दुपारी दोनला आपापल्या घरी जायचं.

गच्ची पानं लावणाऱ्या सहकाऱ्याची. त्याला सगळी कचेरी भाऊ म्हणते. मुळात जुन्या शहरातल्या महाल भागातला, लग्नानंतर इकडे घर बांधलं. पूर्वी तो मजकुराच्या पट्ट्या कापून पानावर चिकटवायचा, आता संगणकावर तेच करतो, पण अजूनही पट्टीने मोजत नाही. एक डोळा मिटून पानाकडे पाहतो आणि म्हणतो, "बसते." बहुतेक वेळा बसते. तिसरा सहकारी काटोलचा, जिल्ह्याच्या बातम्या पाहणारा, आमच्याहून पंधरा वर्षांनी लहान. दरवर्षी घरच्या झाडांच्या संत्र्यांची एक पिशवी आणायचा.

भाऊची थंडाई हे या दिवसाचं मुख्य कलम. बदाम, खसखस, बडीशेप, मिरी तो स्वतः पाट्यावर वाटायचा आणि दुधात घालून पातळ फडक्यातून गाळायचा. भांग वेगळी वाटून तिच्या गोळ्या करायचा, ग्लासामागे एक. साध्या थंडाईचं भांडं स्टीलचं, भांगेच्या थंडाईचं पितळेचं. मी दहा वर्षं स्टीलच्या भांड्यातलं पीत आले होते. कारण सरळ होतं. आमच्या घरी दर रविवारी पंचशील म्हटलं जातं, आणि पाचवं शील नशेच्या पदार्थांपासून दूर राहण्याचं आहे. होळी आमच्या घरी कधी झाली नाही. मी गच्चीवर जायचे ती सुट्टीच्या निमित्ताने आणि संत्र्यांच्या ओढीने. आईला हे ठाऊक होतं. ती महापालिकेच्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाली. घरात आम्ही दोघीच.

अकराव्या वर्षी मी पितळेच्या भांड्यातलं घेतलं. कोणी आग्रह केला नव्हता. कारण नोंदवायचंच तर ते कचेरीतलं आहे. होळीच्या आदल्या दिवशी आमच्या पानावर एक चौकट जाते, 'रंग खेळताना घ्यावयाची काळजी'. मजकूर ठरलेला असतो. आधीच्या वर्षीची फाइल उघडायची, वर्ष बदलायचं, पान लावायचं. तिच्यात शेवटून दुसरं वाक्य असतं, 'भांगेचे अतिसेवन टाळावे.' हे वाक्य मी चौदा वर्षं तपासून पुढे पाठवलं होतं. बातमीदाराने 'मोठी गर्दी' लिहिलं तर किती म्हणून विचारणारी मी, 'अति' म्हणजे किती हे कधी विचारलं नव्हतं. त्या वर्षी ते डोळ्यांत खुपलं. गच्चीवर मी भाऊला तेच विचारलं.

"एक ग्लास म्हणजे अति नाही," भाऊ म्हणाला.

"आणि दोन?"

"दोन म्हणजे माणसावर आहे."

"हे उत्तर छापता येत नाही, भाऊ."

"मंग छापू नको नं. पिऊन पाहा."

पहिला ग्लास अकरा वाजून दहा मिनिटांनी घेतला. घड्याळ पाहायची सवय आहे म्हणून वेळ लक्षात राहिली. चव नेहमीच्या थंडाईसारखी, किंचित हिरवट. मी कठड्याला टेकून बसले आणि वाट पाहिली. खालच्या गल्लीत पोरं रंगाच्या बादल्या घेऊन धावत होती. पंचवीस मिनिटं झाली. चाळीस झाली. काही नाही.

इथे मी जी चूक केली ती वर्तमानपत्रातली माणसंच करतात. बातमी कानावर आली की दुजोरा शोधायचा, आणि ठरल्या वेळेपर्यंत दुजोरा आला नाही तर बातमी नाही असं धरून पान छपाईला सोडायचं. पान अडवून ठेवता येत नाही. या शिस्तीवर मी सव्वीस वर्षं काढली. चाळीस मिनिटांत दुजोरा आला नाही, तेव्हा मी पहिला ग्लास झालाच नाही असं धरलं आणि दुसरा घेतला. वेळ अकरा पन्नास.

वहिनी, म्हणजे भाऊची बायको, भजी घेऊन वर आली होती. ती म्हणाली, "ताई, दम धरा जरा. पोटात जाते तर चढाले वेळ लागते." मी ऐकलं, आणि एका व्यक्तीच्या सांगण्यापलीकडे त्याला किंमत दिली नाही.

साडेबारानंतरची वीस-पंचवीस मिनिटं प्रामाणिकपणे लिहिली पाहिजेत, कारण ती सुंदर होती. मी संत्रं सोलत होते. एका फोडीचा पापुद्रा निघाला आणि आतल्या रसाच्या बारीक पिशव्या दिसल्या, एकीला एक लागून, शिस्तीत, मध्ये जागा न सोडता. मी ती फोड भाऊसमोर धरली.

"भाऊ, याला म्हणतात पान लावणं."

भाऊने एक डोळा मिटून पाहिलं. "बसते," तो म्हणाला.

आम्ही तिघं या एका शब्दावर किती वेळ हसलो ते माझ्या नोंदीत नाही. बरगड्या दुखल्या एवढं आठवतं. काटोलवाला गच्चीवर आडवा झाला होता.

एकच्या सुमारास ते बदललं. आधी तोंड कोरडं पडलं. मग छातीत ठोके ऐकू यायला लागले आणि ते थांबेनात. उठले तर डोळ्यांपुढे अंधार आला, भाऊने दंड धरून खाली बसवलं. वहिनी विचारत होती, "ताई, ऐकू येऊन राहिलं का?" आणि ते वाक्य संपायला फार वेळ लागत होता. मला खात्री झाली की मी मरते आहे. शंका नव्हती, खात्री होती. मी भाऊला माझी निधनवार्ता सांगायला सुरुवात केली.

हे पुढे भाऊने कचेरीत पुष्कळांना सांगितलं, आणि तो सांगतो ते बरोबर आहे. मी म्हणाले, वय एकोणपन्नास, अल्पशा आजाराने. मग थांबले आणि म्हणाले, अल्पशा आजाराने नको, ते खोटं होईल. पश्चात आई. आणि मग मी चिडले. अंत्ययात्रा किती वाजता आणि कुठून निघणार, हे बातमीत नव्हतं.

"वेळ कुठं आहे? वेळ नाही बातमीत!"

"टाकतो वं, वेळ टाकतो, घाट टाकतो, फोटोही टाकतो," भाऊ म्हणत होता. "तू आधी पाणी पी."

'पश्चात आई' हे दोन शब्द मात्र मला नंतरही आठवत राहिले. मी सकाळी आठला रक्तदाबाची गोळी घेते. दोन वर्षं झाली. ही गोष्ट अकरा दहाला किंवा अकरा पन्नासला माझ्या मनातही आली नव्हती.

मला जवळच्या एका लहान दवाखान्यात नेलं. सुट्टीचा दिवस, पण डॉक्टर हजर होत्या, कपाळावर गुलाल. काटोलवाल्याने आत शिरताच सांगितलं, "ऊन लागलं मॅडमले." तो घाबरला होता. परवान्याशिवाय भांग हा गुन्हा असल्याच्या बातम्यांना मथळे आम्हीच देतो.

मी पलंगावरून म्हणाले, "ऊन नाही. भांग. दोन ग्लास. पहिला अकरा दहा, दुसरा अकरा पन्नास. रक्तदाबाची गोळी सकाळी आठ. पोटात थोडी भजी."

डॉक्टरांनी काटोलवाल्याकडे पाहिलं. "हे बरं झालं. सकाळपासून तिसरं ऊन आहे हे माझ्याकडे, आणि बाहेर ढग आहेत."

त्यांनी रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला, दोन तास समोर ठेवून घेतलं. आलेख ठीक होता, ठोके जलद होते. त्या म्हणाल्या, हे उतरायला संध्याकाळ होईल, कदाचित रात्र. एकटं सोडायचं नाही, एकदम उभं करायचं नाही, छातीत दुखलं किंवा बेशुद्ध पडली तर लगेच परत आणायचं. भाऊने आणि वहिनीने मला घरी आणलं. दार आईने उघडलं. भाऊच्या कानशिलावर हिरवा रंग होता आणि चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा.

"काय घेतलं हिनं?" आईने विचारलं.

भाऊने सांगितलं. आईने मला भिंतीच्या घड्याळासमोरच्या दिवाणावर निजवलं, माझं मनगट धरलं आणि मोजायला लागली.

ती साडेचारपासून नऊपर्यंत तिथे बसून होती. मला तुटक आठवतं. मी दर थोड्या वेळाने विचारायचे, मी मेले का, आणि ती म्हणायची, "नाही. एकशे बावीस." पुन्हा विचारलं की, "नाही. एकशे अठरा." मधे एकदा मी म्हणाले की माझं पाचवं शील मोडलं. ती म्हणाली, "चार तर आहेत नं. पाचातले चार म्हणजे नापास नाही. पण शेरा लिहावा लागते." एवढं बोलून पुन्हा मोजायला लागली.

दुसऱ्या दिवशी अंक नव्हता. मी बारापर्यंत झोपले.

आठवड्याने मी त्याच डॉक्टरांकडे गेले, या वेळी स्वतःच्या पायांनी. प्रश्न लिहून नेले होते. त्यांनी सांगितलं की पोटातून घेतलेली भांग एका तासात चढेल असं नाही, दोन लागतील, कधी जास्तही. त्यामुळे पहिल्याचा अंदाज येण्याआधी दुसरा पोटात गेलेला असतो. ठोके वाढतात, उभं राहिल्यावर रक्तदाब उतरू शकतो, आणि तो उतरवणारी गोळी मी आधीच घेतलेली होती. पुन्हा एकच ग्लास घेतला तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "एक म्हणजे किती, ते तुम्ही मला सांगा, मग मी सांगते. पण या गोळीसोबत माझं उत्तर नाही असंच आहे."

माझं मन तिथे मिटलं नाही. हे कबूल करायला हवं. वर्षभर अधूनमधून मला ते संत्रं आठवायचं. ठोके, अंधार, कोरडं तोंड हे एका बाजूला होतं आणि ती वीस मिनिटं दुसऱ्या बाजूला, आणि ती बाजू हलकी नव्हती. त्रास दुसऱ्या ग्लासाचा होता, मजा पहिल्याची, असाही एक युक्तिवाद होता. तो मला पटण्यासारखा वाटायचा. त्यात एक भोक होतं, की पहिल्याचा परिणाम मला वेगळा कधी दिसलाच नव्हता. दोन्ही एकत्र चढले होते. ती वीस मिनिटं कुणाची, हे सांगणारा साक्षीदार नव्हता.

होळीच्या पंधरा दिवस आधी मी कचेरीत भाऊला गाठलं.

"भांगेची गोळी केवढी असते?"

"बोराएवढी."

"गावरान बोर की मोठं?"

भाऊने माउस खाली ठेवला. "अवं, माझ्या बापानं अशीच केली, मीही अशीच करून राहिलो. आजपर्यंत कोणी मेलं नाही."

"मी मेले होते. निधनवार्ता तूच घेतलीस."

काटोलवाला टेबलामागून म्हणाला, "आणि वेळ टाकाची राहिली, भाऊ."

भाऊ दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. तिसऱ्या दिवशी त्याने खिशातून काडेपेटीएवढा वजनकाटा काढून टेबलावर ठेवला. इतवारीच्या बाजारातल्या सोनाराकडून आणलेला. आयुष्यात पट्टी न लावलेल्या माणसाने काटा आणला होता, फक्त माझ्यासाठी. त्याने एका गोळीचं वजन सांगितलं, दशांश चिन्हानंतरच्या दोन आकड्यांसह.

"आता छापता येते?"

मी तो काटा उचलून पाहिला. पण विचारल्याशिवाय राहवेना. "पाला कुठला?"

"यंदाचा. नवा."

"मागच्या वर्षीएवढाच कडक आहे का?"

भाऊने काट्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "हे काट्याले कसं समजंल वं?"

"तेच."

"बाप्पा," भाऊ म्हणाला. "म्हणजे वजन समजलं तरी काहीच नाही समजलं." तो स्वतःशीच हसायला लागला. "काटा परत नाही घेत तो सोनार."

त्या संध्याकाळी घरी आईला हे सांगितलं. काट्याचंही आणि माझ्या पहिल्या ग्लासाच्या युक्तिवादाचंही. वाटलं होतं ती शील काढेल. तिने काढलं नाही. तिने कपाटातून कॅलेंडरचं एक पान आणलं, मागच्या वर्षीच्या मार्चचं, आणि उलटं करून माझ्यापुढे ठेवलं. पेन्सिलीने दोन रकाने आखले होते. डावीकडे वेळ, उजवीकडे ठोके. साडेचार, एकशे अठ्ठावीस. पावणेपाच, एकशे सव्वीस. दर पंधरा मिनिटांनी एक ओळ, नऊपर्यंत. अक्षर शाळेच्या फळ्यावरचं, वळणदार. पण साडेपाच ते साडेसहा या वेळेतल्या ओळी वाकड्या गेल्या होत्या.

"इथं काय झालं?" मी विचारलं.

"तू बोलणं बंद केलं होतं. नुसतं वर पाहून राहिली होती." तिने चष्मा पुसला. "तुझ्यावरची नजर काढवत नव्हती, कागद न पाहताच लिहिलं. मोजणं चुकलं तर म्हणून दोनदा मोजत होती."

मी तो तास पूर्ण विसरले होते. माझ्या आठवणीत तो नव्हताच.

"तू लोकायले दोन पुरावे मागते नं?" आई म्हणाली. "हा एक."

"आणि दुसरा?"

"दुसरी मी आहो. तुले जे कराचं ते कर, तू मोठी आहे. पण त्र्याहत्तर वर्षांच्या बाईले पुन्हा एवढे तास मोजता येईन का, हेही त्या तुझ्या काट्यावर ठेवून पाहा."

मी ठेवून पाहिलं. फार वेळ लागला नाही.

यंदा चौकटीचा मजकूर मी नव्याने लिहिला. भांग चढायला दोन तास वा अधिक लागू शकतात, पहिल्याचा परिणाम दिसला नाही म्हणून दुसरा ग्लास घेऊ नये. औषधं चालू असतील तर घेऊच नये. घरच्या थंडाईत प्रमाण किती ते करणाऱ्यालाही माहीत नसतं. त्रास झाल्यास डॉक्टरांना खरं सांगावं. चार वाक्यं झाली. रात्री आठला पिचकाऱ्यांची जाहिरात आली आणि भाऊने दोन कापली. मी पान पाहायला गेले तेव्हा तो म्हणाला, "दुसऱ्या ग्लासाचं ठेवलं. डॉक्टरचं ठेवलं. बाकी नाही बसत."

धुळवडीला दहाला गच्चीवर गेले. भाऊने स्टीलच्या भांड्यातून ग्लास भरून दिला. मी तो हातात धरून उभी राहिले.

"काहून, काय झालं?" भाऊ म्हणाला. "साधी आहे."

मी वहिनीकडे पाहिलं.

"साधीच आहे, ताई," ती म्हणाली. "सकाळपासून मीच पिऊन राहिली त्यातली."

दोन जणांनी सांगितलं, तेव्हा प्यायले. तरी छातीत थोडं धडधडलंच. ते थंडाईने नव्हे, हे नोंदवून ठेवते.

काटोलवाल्याने पितळेतला एक घेतला, दहा वाजून वीस मिनिटांनी. मी वेळ गच्चीच्या कठड्यावर खडूने लिहिली. अकराला तो ग्लास घेऊन भाऊकडे सरकला.

"भाऊ, काही होऊन नाही राहिलं गा. दे आणखी एक."

"मॅडमले विचार. आज पान त्यायच्या हातात आहे."

"मॅडम?"

"बारा वीसनंतर," मी म्हणाले. "तोवर संत्रं खा."

"कटकट आहे ही. कचेरी बरी होती याच्यापेक्षा." त्याने संत्रं सोलायला घेतलं, रागाने. दुसरं सोललं. पावणेबाराला तिसरं सोलताना तो थांबला. फोड उन्हाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला. मग भाऊच्या खांद्याला हात लावून म्हणाला, "भाऊ, हे पाहा. हे पाहा नं." भाऊने एक डोळा मिटला. काटोलवाला तो शब्द येण्याआधीच हसायला लागला होता.

मी कठड्यावर पहिल्या वेळेखाली दुसरी लिहिली, पावणेबारा. बारा वीसला त्याला दुसऱ्या ग्लासाची आठवण करून दिली, तर त्याने दोन्ही हात जोडले.

दोनला घरी आले. आईने चप्पल काढायच्या आधीच हात पुढे केला. मी मनगट दिलं. तिने घड्याळाकडे पाहत पूर्ण एक मिनिट मोजलं, मग कॅलेंडरचं ते पान घेतलं. नऊ वाजताच्या ओळीखाली जागा उरली होती. तिथे एक रेघ मारून लिहिलं, दोन वाजून पाच, चौऱ्याहत्तर.

"हे तर काहीच नाही," मी म्हणाले. "याची बातमी होत नाही."

"नको होऊ दे," आई म्हणाली, आणि मी आणलेल्या पिशवीत हात घालून संत्री चाचपायला लागली. "एवढीच दिली का काटोलच्यानं?"

"बाकीची त्याने खाल्ली."